फ्यूजच्या जागची तार

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातला कापूस आधी बैलगाडीनं निघायचा, मग मूर्तिजापूरला जाणाऱ्या शकुंतलेनं. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं ती नॅरोगेज गाडी कापसासाठीच आणलेली. १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, केंद्रांवर कापसाच्या गंज्या लागल्या आणि ट्रकवाल्यांना हंगामभर काम मिळालं. त्या भरवशावर बाबांनी पाच एकर विकून जुना १२१० घेतला.

टेल्कोनं १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले. १९६९ मध्ये करार संपला, नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला आणि टी अक्षर आलं. आमच्या गाडीवर टी होता, तरी गाव तिला 'मर्सिडीज'च म्हणे.

१९८१ च्या हिवाळ्यात दारव्ह्याहून यवतमाळच्या जिनिंगला सुटा कापूस भरून जाताना लाडखेडजवळ रात्री ताडपत्रीखालून धूर निघाला. माल गेला, लाकडी हौदा अर्धा जळाला. इंजिन आणि केबिन तेवढी वाचली. बाबा म्हणाले, "क्लीनरनं बिडी टाकली." झालं. गावानं तेच धरलं. मी दहा वर्षांचा. शाळेत तीच गोष्ट मी रंगवून सांगितली.

क्लीनर काका नऊ वर्षं आमच्याकडे होते. मला खांद्यावर घेऊन बोनेटवर बसवणारे तेच. दुसऱ्या दिवशी वळकटी उचलून ते आर्णीकडे सासुरवाडीला गेले. कापसाची गाडी जाळणाऱ्याला पुन्हा ट्रकवर कोण घेणार? सालदार म्हणून राबले.

बाबा गेल्यावर गाडी वाडीतल्या निंबाखाली उभीच होती. दोन वर्षांपूर्वी ती चालती करायची असं मी ठरवलं. इंजिन मिस्त्रीनं केलं. वायरिंग मी हाती घेतलं. नागपूरहून तयार वायरिंग सेट आणला आणि आधी अंगणात पसरला. हेडलाइटच्या, डॅशबोर्डच्या, मागच्या दिव्यांच्या फांद्या वेगळ्या केल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधली. सेट अल्टरनेटरवाल्या गाडीचा, आमच्याकडे जुना डायनॅमो आणि त्याची कटआऊटची डबी. दोन वायरी उरल्या. त्यांची तोंडं टेप लावून बंद केली.

ट्रकमध्ये करंट वायरनं जातो आणि लोखंडी चेसिसमधून बॅटरीला परत येतो. म्हणून अर्थिंगच्या जागी रंग खरवडून लोखंड चकचकीत करावं लागतं. म्हणूनच कुठं वायर सोलून लोखंडाला टेकली, की तिथंच ठिणगी. तेवढ्यात वितळून करंट तोडायला फ्यूज असतो.

जुनं वायरिंग ओढून काढताना मागच्या दिव्याची वायर येईना. आगीनंतर बाबांनी बाहेरून नवी वायर नेली होती, जुनी चेसिसमध्येच राहिली. बॅटरी लावून पाहिलं. आडव्या पट्टीच्या भोकात रबरी बुश नव्हता. तिथं तांबं उघडं पडलेलं, वितळून मण्यासारखं गोळा झालेलं, आणि भोकाच्या कडेला लोखंड खड्डा पडून खालेलं. बरोबर वर हौद्याची फळी येते.

मग फ्यूजची डबी उघडली. मागच्या दिव्याच्या फ्यूजच्या जागी जाड तार पिळून बसवलेली होती. पीळ डावखुरा. आमच्या घरात डावखुरे बाबा एकटेच.

त्यांना ठाऊक होतं का? की त्यांनीही बिडीवरच विश्वास ठेवला? आईला विचारलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "त्या सालापासून त्यायनं फ्यूजची डबी कोणाले उघडू देली नाई."

वायरचा तो तुकडा कागदात बांधून मी आर्णीकडे गेलो. काका ओट्यावर बसले होते, डोळ्यांना कमी दिसतं. तुकडा हातात दिला, सगळं सांगितलं. शाळेतलंही. त्यांनी तांब्याचा मणी अंगठ्यानं चाचपला.

"कापूस भरल्यावर म्या बिडी कधी पेटोलीच नाई, बाबू. तुह्या बापाले ठावूक होतं."

"काका, मी गावात सगळ्यांना सांगतो."

"सांग. पण आता आयकाले हाय कोण?"

मी मान खाली घालून बसलो. चहा आला. कप खाली ठेवत ते म्हणाले, "नव्या वायरिंगले फ्यूज लावले का बरोबर?"

"लावले."

"अन् भोकाले रबर?"

"सगळ्या भोकांना."

"मंग घेऊन ये गाडी. एकखेप बसतो."