डेब्रिजचा मालक कोण? खाडीकिनाऱ्यावरील अवैध भरावाचे गणित

जुनी इमारत पाडली की तिच्या विटा, काँक्रीटचे तुकडे आणि लाद्या जातात कोठे, हा प्रश्न स्वयंपाकघराचा ओटा बदलणाऱ्या रहिवाशाला सहसा पडत नाही. कंत्राटदाराने गोणी उचलल्या की त्याच्यापुरता विषय संपतो. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या खाडीकिनाऱ्यावर तो तेथून सुरू होतो. रात्री डंपर येतो, हौदा उचलला जातो आणि काही मिनिटांत चाके परत फिरतात.

या व्यवहाराचे अर्थकारण सोपे आहे. अधिकृत जागेपर्यंतची वाहतूक आणि तेथील शुल्क वाचते. शिवाय किनाऱ्यालगतची ओली जमीन भरून घ्यायला उत्सुक असलेलेही असतात. एकाचा कचरा हा दुसऱ्याचा भराव ठरतो! साध्या घरगुती कचऱ्याला असे गिऱ्हाईक नसते. म्हणूनच डेब्रिजचा प्रश्न अधिक चिवट आहे.

कांदळवन त्यासाठी तोडावेही लागत नाही. तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर आलेली असतात आणि भरती-ओहोटीच्या पाण्यावर ती झाडे जगतात. मुळांवर भर पडली, पाण्याची वाट बुजली, की झाडे हळूहळू वाळतात. पुढे त्या जागेवर पत्र्याची शेड उभी राहते आणि येथे कांदळवन होतेच कोठे, असा युक्तिवाद सुरू होतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नदीचे आकुंचलेले पात्र आणि किनाऱ्यावरील भराव यांची चर्चा झाली. पाण्याची जागा बुजविली की पाणी वस्तीत शिरते, हे शहराने त्या दिवशी अनुभवले.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये राज्यातील कांदळवनांच्या तोडीला आणि तेथील भरावाला मनाई केली. 17 सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालात कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरविण्यात आला आणि भोवतालच्या 50 मीटर पट्ट्यालाही संरक्षण मिळाले. दरम्यान 2012 मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला होता.

बांधकामाच्या कचऱ्यासाठी देशात प्रथमच स्वतंत्र नियम आले ते 2016 मध्ये. दिवसाला 20 टन किंवा महिन्याला एका प्रकल्पातून 300 टनांहून अधिक कचरा करणाऱ्यांना वर्गीकरण करणे आणि व्यवस्थापन आराखडा मंजूर करून घेणे त्यांनी बंधनकारक केले. केंद्राने 2025 मध्ये नवे नियम अधिसूचित केले व त्यांच्या अंमलासाठी 1 एप्रिल 2026 ही तारीख ठरविली. 20 हजार चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधकामाच्या प्रकल्पांवर पुनर्वापराची जबाबदारी त्यांत टाकण्यात आली आहे.

नियमांची उणीव नाही. उणीव आहे ती माग काढण्याची. कारवाई होते तेव्हा सापडतो तो चालक. माल कोणत्या इमारतीचा, कंत्राट कोणाचे, याची नोंद बहुधा हाती लागत नाही. त्यातच पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम 15 मधील पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद 1 एप्रिल 2024 पासून जाऊन तिच्या जागी 10 हजार ते 15 लाख रुपयांपर्यंतचा दंड आला आहे. मोठ्या विकासकाला ही रक्कम किती जड वाटेल, हे सांगण्याची गरज नाही.

तक्रार करताना वाहनाचा क्रमांक, वेळ आणि नेमके ठिकाण दिसेल असे छायाचित्र असावे. मात्र रात्री डंपर अडविण्याच्या फंदात पडू नये. पालिकेच्या विभाग कार्यालयाबरोबरच तक्रारीची प्रत कांदळवन कक्षाला आणि कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील कांदळवन समितीला द्यावी. जुनी व नवी उपग्रह छायाचित्रे शेजारी ठेवली तर भराव केव्हा पडला याचा पुरावा मिळतो. घरातील दुरुस्तीचा माल थोडा असला, तरी पालिकेच्या ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवेकडे नोंदविता येतो. तो कंत्राटदाराकडे सोपविला, तर कोठे टाकला याची पावती मागून घ्यावी.