फार्नवर्थची शनिवार दुपार



एखाद्या गावाची थोरवी मोजण्याची आपल्याकडे ठरलेली रीत आहे. गावात किल्ला कोणता, देवस्थान कोणते, संत कोण झाला, सरदार कोण झाला, हे विचारावयाचे आणि त्यावरून गाव लहान की मोठे ते ठरवावयाचे. आज ज्या गावाची हकीकत आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत, ते या कसोटीस मुळीच उतरणार नाही. इंग्लंडात लँकशायर नावाचा जो जुना परगणा आहे, त्यात मँचेस्टरच्या वायव्येस, बोल्टन शहराला लागून, फार्नवर्थ नावाचे गाव आहे. किल्ला किंवा राजवाडा पाहावयास तेथे कोणी जात नाही. कापसाच्या गिरण्या, कोळशाच्या खाणी आणि कागदाचे कारखाने, एवढेच त्याचे वैभव होते. तेही आता सरले. 1974 साली तर त्याचा स्वतंत्र कारभारही गेला आणि गाव बोल्टनच्या हद्दीत जमा झाले. 2011 च्या खानेसुमारीत तेथील वस्ती सुमारे 27 हजार भरली. म्हणजे आपल्याकडील एखादे तालुक्याचे ठिकाण समजा.

पण या गावाच्या जन्मनोंदी चाळल्या तर नवल वाटते. हिल्डा बेकर ही साऱ्या इंग्लंडला हसविणारी नटी 1905 साली येथेच जन्मली. टॉमी लॉटन हा फुटबॉलचा अव्वल गोलंदाज नव्हे, तर गोलच करणारा गडी, 1919 सालचा. फ्रँक फिनले हा रंगभूमीवरील थोर नट 1926 सालचा. आणि जगज्जेत्या इंग्लिश संघातला सर्वांत लहान खेळाडू ॲलन बॉल 1945 सालचा. एवढ्याशा गावात एवढी माणसे निपजली कशी?

यावर ‘खाण तशी माती’ म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. आम्हाला ते पटत नाही. त्याच मातीत, त्याच रक्ताची माणसे 1800 सालीही राहत होती. तेव्हा तेथून असे खेळाडू आणि असे नट का निघाले नाहीत? आम्ही काही इतिहासाचे प्राध्यापक नव्हेत. आमचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, संपाच्या मंडपात आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा कामगाराला सुचावा तोच प्रश्न आम्हाला सुचतो: या लोकांना खेळावयास आणि गावयास वेळ कोणी दिला?

याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. 1847 साली विलायतेत दहा तासांचा कायदा झाला. 1850 च्या कायद्याने गिरणीतील स्त्रिया आणि अल्पवयीन मुले यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबावे असे ठरले. पुरुषांचे नाव त्या कायद्यात नव्हते. पण गिरणीचा संसार असा की बाया आणि पोरे घरी गेली म्हणजे पुरुषाने एकट्याने माग चालवून काही भागत नसे. इंजिन थांबे आणि सारेच सुटत. पुढे 1874 च्या कायद्याने आठवड्याचे काम साडेछप्पन्न तासांवर आले. हे कोणाच्या दयेने झाले नाही. त्यापाठी पाऊणशतकाच्या सभा, अर्ज, संप आणि तुरुंग आहेत.

त्या शनिवारच्या दुपारचे या लोकांनी काय केले? काहींनी ती दारूच्या गुत्त्यात घालविली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुष्कळांनी मैदान गाठले. 1874 साली बोल्टनच्या एका चर्चच्या रविवारच्या शाळेने फुटबॉलचा संघ काढला. तीन वर्षांनी पाद्रीबुवांशी बिनसले, तेव्हा पोरांनी बाहेर पडून त्याचे नाव बोल्टन वाँडरर्स असे ठेविले. 1885 साली पैसे घेऊन खेळण्यास मान्यता मिळाली, ती मुख्यतः लँकशायरच्या क्लबांच्या रेट्याने. दक्षिणेकडील सुखवस्तू लोकांना खेळासाठी पैसे घेणे कमीपणाचे वाटे. ज्याला खेळण्यापायी दिवसाची मजुरी बुडवावी लागते त्याने काय करावे, हे त्यांना कळणार कसे? 1888 साली फुटबॉल लीग स्थापन झाली, तीत बारा क्लब होते आणि त्यांपैकी सहा एकट्या लँकशायरचे होते. इंग्लंडातील सामने शनिवारी दुपारी तीन वाजता सुरू होण्याची जी वहिवाट पडली, तिचे मूळ गिरणीच्या भोंग्यात आहे.

वेळ मिळाला, तशी जागाही मिळाली. 1864 च्या ऑक्टोबरात फार्नवर्थला सार्वजनिक उद्यान खुले झाले. जमीन दिली टॉमस बार्न्स या गिरणीमालकाने आणि उद्घाटनास आले ग्लॅडस्टन. सालाकडे मात्र नीट पाहा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस येईनासा झाला होता, लँकशायरच्या गिरण्या ओस पडल्या होत्या आणि हजारो कुटुंबे धर्मादायाच्या सुपावर जगत होती. जो थोडाफार कापूस मिळे तो आपल्या देशातला, ‘सुरती’ नावाने ओळखला जाणारा आखूड धाग्याचा. तो सारखा तुटे, मजुरी बुडे, आणि तिकडचा विणकर त्याला शिव्या घाली. त्याच कापसाने त्याच वर्षांत मुंबईच्या व्यापाऱ्यांना सोन्याचे दिवस दाखविले. एका गावचा दुष्काळ तो दुसऱ्या गावचा सुकाळ, हा बाजाराचा न्यायच आहे. अशा उपासमारीच्या वर्षी गावाला बाग मिळाली. बागेने पोट भरत नाही. पण मालकाच्या मालकीची नाही अशी हिरवी जमीन कामकऱ्याच्या पोराला मिळाली, हेही खरे.

आता माणसांकडे वळू. हिल्डा बेकरचा बाप रंगारी होता. दुकानांच्या पाट्या रंगवी आणि सवडीने रंगमंचावर विनोदही करी. ही पोर दहा वर्षांची असतानाच रंगमंचावर उभी राहिली. त्यानंतर चाळीस वर्षे ती गावोगाव फिरली, स्वतः लिहिले, स्वतः बसविले, स्वतःच मंडळी चालविली. तिच्या खेळात एक उंच, तोंडातून चकार शब्द न काढणारी मैत्रीण असे. ते काम बहुधा पुरुष करीत. स्वतः हिल्डा जेमतेम पाच फुटांच्या आतली. मूर्ती लहान, पण जीभ अशी की मोठमोठे शब्द हटकून उलटेपालटे करून टाकी. शहाण्यांची भाषा शिकू पाहणाऱ्या गिरणीबाईची ती नक्कल होती, आणि तिला सर्वांत जास्त हसत त्या गिरणीबायाच. 1955 साली दूरचित्रवाणीने तिला घराघरांत पोहोचविले, तेव्हा ती पन्नाशीला आली होती. कारखान्यातील एका तरुण कामगाराच्या जीवनावर 1960 साली जो गाजलेला चित्रपट निघाला, त्याच्या नावातच शनिवारची रात्र आहे; त्यात तिने गंभीर भूमिकाही करून दाखविली.

फ्रँक फिनले हा खाटकाचा मुलगा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि बापाचा धंदा हाती आला. गावात हौशी मंडळींचे एक छोटेसे नाटकगृह होते, तेथे तो संध्याकाळी काम करी. तेथून शिष्यवृत्तीवर लंडनच्या नाट्यविद्यालयात गेला. 1958 साली आर्नोल्ड वेस्करच्या नाटकात त्याने लंडनमधल्या एका गरीब ज्यू कामगार कुटुंबातला बाप उभा केला. पुढे ‘ऑथेल्लो’त लॉरेन्स ऑलिव्हिएसमोर इयागो रंगविला आणि 1965 च्या त्या चित्रपटासाठी ऑस्करच्या नामावळीत त्याचे नाव लागले. गावात ते हौशी नाटकगृह नसते, तर हा माणूस जन्मभर उत्तम खाटीक म्हणून राहिला असता. त्यात कमीपणा काही नाही. पण निवड त्याची राहिली नसती.

खेळाडूंची गोष्ट अधिक कडू आहे. टॉमी लॉटन दीड वर्षाचा असताना बाप घर सोडून गेला. गिरणीत विणकाम करणारी आई त्याला घेऊन बोल्टनला माहेरी आली. सतरा वर्षे पुरी होऊन चारच दिवस झाले होते, तेव्हा त्याने बर्नलीकडून एका सामन्यात तीन गोल केले. इंग्लंडकडून 23 सामन्यांत 22 गोल ही त्याची कमाई. 1947 साली चेल्सीने त्याला नॉट्स काउंटीला विकले ते 20 हजार पौंडांना; त्या काळचा तो ब्रिटनमधील उच्चांक होता. हे पैसे कोणाला मिळाले? क्लबाला. खेळाडूचा आठवड्याचा पगार किती असावा याची कमाल मर्यादा 1901 सालीच ठरली होती. तेव्हा ती चार पौंड होती आणि पुढे वाढत वाढत वीस पौंडांपर्यंत आली. मैदानात साठ हजार माणसे तिकीट काढून बसावीत आणि ज्याच्यासाठी ती आली त्याने मात्र मर्यादेत राहावे, असा हा न्याय. खेळ संपल्यावर लॉटनचे दिवस फार हलाखीत गेले. 1972 साली तर न वटणाऱ्या धनादेशांपायी तो कोर्टात उभा राहिला.

ही मर्यादा मोडली ती खेळाडूंच्या युनियनने. जिमी हिल तिचा अध्यक्ष होता. संपाची नोटीस तयार झाली आणि 1961 च्या जानेवारीत मालक नमले. त्याच वर्षी फार्नवर्थचा एक तांबड्या केसांचा पोरगा ब्लॅकपूल क्लबात उमेदवारीस लागला. फार लहानखुरा म्हणून बोल्टनने त्याला नाकारले होते. तो ॲलन बॉल. 1966 च्या अंतिम सामन्यात, 21 व्या वर्षी, जादा वेळेत सारे थकले असताना तो एकटा धावत होता. त्याने उजवीकडून टाकलेल्या चेंडूवरच हर्स्टचा तो वादग्रस्त गोल झाला. पुढच्याच महिन्यात एव्हर्टनने त्याच्यासाठी सुमारे 1 लाख 10 हजार पौंड मोजले. लॉटन आणि बॉल यांच्या पायांत फरक कोणता ते जाणकारांनी सांगावे. त्यांच्या नशिबांत जो फरक पडला, तो युनियनचा. तरीही 2005 साली बॉलने आपले जगज्जेतेपदाचे पदक कुटुंबाच्या सोयीसाठी लिलावात काढले, हेही सांगितले पाहिजे.

या साऱ्याशी आमचे नाते काय, असे आपण विचाराल. मुंबईची पहिली गिरणी 1854 साली स्थापन झाली. येथल्या गिरण्यांतील चात्या आणि माग पुष्कळसे लँकशायरच्या कारखान्यांतून आले. यंत्रे आली, शनिवारची दुपार मात्र बोटीतून उतरली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणीकामगारांची संघटना उभारली, आणि 1890 च्या जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. त्यानंतरच्या गिरणगावाकडे पाहा. चाळीचाळीतून कबड्डीचे संघ, भजनी मंडळे, लेझीमपथके, नाटके. गिरणीत घाम गाळलेले अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख तेथून शाहीर म्हणून उठले. नायगावचे दादा कोंडके तेथूनच हसवू लागले. हिल्डा बेकर आणि दादा कोंडके यांची भेट झाली असती, तर एकमेकांची भाषा न कळताही दोघांनी एकमेकांना ओळखले असते.

1931 साली महात्मा गांधी बोल्टनच्या उत्तरेस डार्वेन येथे गेले. स्वदेशीमुळे ज्यांच्या हातचे काम गेले होते, त्या गिरणीबायांनीच त्यांचा जयजयकार केला. कष्टकऱ्याला कष्टकरी ओळखू येतो, तो असा.

आता शेवटचे. लँकशायरच्या गिरण्या बंद झाल्या आणि 1982 च्या संपानंतर मुंबईच्याही एकेक करून मिटल्या. वेळ आता भरपूर आहे, असे कोणी म्हणेल. पण फुरसत आणि रिकामपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पगारी कामातून हक्काने सुटलेला तास म्हणजे फुरसत. काम नसलेला दिवस म्हणजे रिकामपण. पहिल्यातून ॲलन बॉल निघतो, दुसऱ्यातून बहुधा नाक्यावरचा तरुण. फार्नवर्थने एक गोष्ट सांभाळली: त्याची बाग राहिली, नाटकगृह राहिले, कामकऱ्यांचे क्लबही बरीच वर्षे टिकले. बोल्टनचा विनोदी नट पीटर के याने 2001 साली अशाच एका क्लबावर मालिका केली, तिचे चित्रण फार्नवर्थच्या संत ग्रेगरी क्लबात झाले आणि सारा देश हसला. आमच्याकडे 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मोकळ्या जागांसाठी ठरला होता. 2001 साली नियम बदलला आणि तो हिस्सा आटून गेला.

तेव्हा आपल्या गावात खेळाडू का निपजत नाहीत, नट का निपजत नाहीत, अशी हळहळ करण्यापूर्वी तीन गोष्टी मोजून पाहा: गावातल्या मजुराला आठवड्यात किती तास स्वतःचे आहेत, पोरांना किती गुंठे मोकळे मैदान आहे, आणि संध्याकाळी नाटकाची तालीम करावयास एक खोली तरी आहे काय. ठेकेदारीत बारा तास राबणाऱ्याच्या पोटी गुण नसतात असे नाही. ते दाखविण्यास त्याला शनिवारची दुपार नसते. ती फार्नवर्थच्या लोकांनाही कोणी दिली नव्हती. त्यांनी ती मिळविली.