खोक्याची साक्ष

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून दरवर्षी काही वस्तू खाली येतात आणि त्यांचा निकाल लावावा लागतो. जुनी भांडी, फाटकी गादी, मोडका पंखा यांचे फारसे अडत नाही. अडते ते रिकाम्या खोक्यांपाशी. टेपरेकॉर्डर कधीच मोडीत गेलेला असतो, टीव्ही बदलून दोनदा नवा आलेला असतो, पण पहिल्याचे खोके अर्धा माळा अडवून बसलेले असते. घरात मग दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘असू द्या, कधी लागेल सांगता येत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘वीस वर्षांत लागले नाही, आता काय लागणार?’ हा वाद वरवर जागेचा आहे. प्रस्तुत लेखात तो इतिहासाच्या अंगाने तपासायचा आहे. जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूचे मूळ खोके जपावे का, आणि जपायचे तर कशासाठी?

आपल्या घरांतल्या त्याआधीच्या वस्तूंपुढे हा प्रश्नच नव्हता. नाशिकच्या भांडी बाजारातून पितळी तांब्या किंवा घागर घेतली की तिच्यावर नाव घालून घेण्याची रीत होती. कोणी दिले, कोणाला दिले, लग्नात की मुंजीत, कोणत्या साली, हे सारे भांड्याच्या अंगावरच ठिपक्या-ठिपक्यांनी कोरले जाई. वस्तू आणि तिचा दाखला एकाच धातूत असल्यामुळे असा तांब्या तीन पिढ्यांनंतरही आपली हकिगत सांगू शकतो. रेडिओ घरात आला आणि ही जोडी फुटली. रेडिओच्या पेटीवर कोणी नाव कोरले नाही. संचाच्या पाठीवर कंपनीचे नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक एवढेच सापडते. तो कितीला घेतला, कोणत्या दुकानातून, कोणत्या महिन्यात, ही माहिती वस्तूपासून सुटून कागदांवर गेली.

त्या कागदांतला सर्वांत भरवशाचा कागद सरकारी होता. १९३३ च्या बिनतारी संदेशवहनाच्या कायद्याने परवान्याशिवाय रेडिओ बाळगणे गुन्हा ठरले. वर्षाचे शुल्क पोस्टात भरायचे आणि परवान्याच्या पुस्तिकेवर त्याची नोंद करून घ्यायची, हा शिरस्ता पुढे टीव्हीलाही लागू झाला. लोकांना त्याचा जाच वाटे. पण कोणत्या घरात कोणत्या वर्षापासून रेडिओ वाजत होता, याचा पुरावा त्या पुस्तिकेने आपोआप ठेवला. १९८० च्या दशकाच्या मध्यावर घरगुती संचांचा हा परवाना रद्द झाला. नेमका त्याच काळात टीव्हीचा पूर आला, हे ध्यानात घेतले पाहिजे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले, १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रांची रांग लागली आणि जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झाले. म्हणजे ज्या दहा-पंधरा वर्षांत मध्यमवर्गीय घराची बैठकीची खोली बदलली, त्याच वर्षांत सरकारदरबारची घरोघरची नोंद थांबली. उरले ते घरातले कागद: बिल, हमीपत्र आणि खोके.

यांपैकी बिल हरवते आणि हमीपत्राची मुदत संपली की ते फेकले जाते. खोके तेवढे आकाराने मोठे, म्हणून टिकते. शिवाय १९७७ पासून त्याला कायद्याने बोलते केले. वेष्टित वस्तूंबाबतचे वजनमापाचे नियम त्या वर्षी लागू झाले. त्यांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि विक्रीची किंमत वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले. काही कंपन्या उत्पादनाचा महिना संचावरही देत; पण नियमाचा आग्रह वेष्टनापुरता होता. म्हणजे वस्तूची जन्मतारीख आणि तिचे मोल या दोन गोष्टी कायद्यानेच खोक्यावर ठेवल्या.

हे खोके वाचायला शिकले तर त्यावरून काळ ओळखता येतो. किमतीपुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असे छापले असेल तर ते खोके बहुधा १९९० च्या आधीचे. ‘सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत’ ही सक्ती त्या वर्षीच्या दुरुस्तीने आली. आधीच्या त्या तीन शब्दांत बराच अर्थ आहे. जकातीच्या दिवसांत एकच संच दोन शहरांत दोन भावांनी पडू शके. छापील किंमत कारखान्याची, हातात पडणारी किंमत गावाची, असा तो काळ होता. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा दुकानांत पडून असलेल्या मालावर बदललेली किंमत चिकटवण्याची मुभा सरकारने काही महिन्यांसाठी दिली, मात्र मूळ किंमत झाकू नये अशी अट घातली. त्या वर्षाच्या खोक्यांवर दोन किमती शेजारी-शेजारी सापडतात. करबदल ग्राहकाच्या उंबऱ्यापर्यंत कसा पोहोचला, याचा इतका थेट पुरावा अर्थसंकल्पाच्या भाषणात मिळणार नाही.

मोठ्या यंत्रांना हे नियम लागू होतात की नाही, यावरही तंटा झाला. फ्रिज दुकानात उघडून, पाहून घेतला जातो, मग तो वेष्टित माल कसा, असा युक्तिवाद होता. व्हर्लपूलच्या प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने फ्रिज ही वेष्टित वस्तूच ठरवली. आपण माळ्यावर टाकलेल्या पुठ्ठ्याची व्याख्या करायला देशाचे सर्वोच्च न्यायालय बसले होते, हे कळल्यावर त्या पुठ्ठ्याकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटते.

तरीही कोणी म्हणेल, एका घरातल्या एका खोक्याने काय सिद्ध होते? याचे उत्तर शोधायला नाशिककरांना लांब जावे लागत नाही. १९०६ साली जिल्ह्यातल्या जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. क्षहरात क्षत्रप नहपान याची १३,००० हून अधिक नाणी त्यात होती आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप पुन्हा मारलेला होता. गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश निखंदून काढला, असे त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, पांडवलेण्यांतला लेख सांगतो. तो स्तुतिपाठ मानून कोणी बाजूला ठेवला असता; या साठ्याने त्याला व्यवहारातला पुरावा मिळवून दिला. हा निष्कर्ष एखाद्या सुट्या नाण्यातून निघाला नसता. साठा एकत्र पाहिला गेला, म्हणून किती नाण्यांवर नवा छाप आहे आणि किती तशीच राहिली, हे प्रमाण मोजता आले. सराफाच्या मुशीत ती नाणी गेली असती तर चांदी उरली असती, इतिहास गेला असता. १९८० साली स्थापन झालेली नाणेसंशोधनाची संस्था आज नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला आहे. तिथल्या अभ्यासकाला वस्तूइतकेच तिच्या सोबतीचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही.

जोगलटेंभीच्या नाण्यांवरून आणखी एक गोष्ट शिकता येते. नव्या छापाखाली नहपानाचा चेहरा अर्धवट दिसत राहतो. दोन राजवटी एकाच नाण्यावर वाचता येतात, हेच त्या नाण्याचे मोल. घरातल्या खोक्याचेही तसेच आहे. ते कोरे करकरीत क्वचितच असते. त्यावर दुकानदाराने मारलेला शिक्का असतो, ट्रान्सपोर्टवाल्याने निळ्या खडूने लिहिलेला आकडा असतो, आणि या सगळ्यावर जाड पेनने घरच्या कोणीतरी लिहिलेले असते: ‘गणपतीचे सामान’. देवळालीचे लष्करी तळ, ओझरचा विमान कारखाना, बँका, सरकारी कचेऱ्या अशा बदलीच्या नोकऱ्यांमुळे या जिल्ह्यातल्या कित्येक घरांनी खोकी जपली ती पुढच्या गावाला संच सुखरूप न्यायचा म्हणून. बदल्या संपल्या की त्याच खोक्यांत पुस्तके, लोकरीचे कपडे, लग्नाचे अल्बम गेले. आतल्या थर्माकोलचे मखर झाले. २०१८ मध्ये राज्याने थर्माकोलवर बंदी घातली आणि उच्च न्यायालयाने गणेशोत्सवापुरती सवलत द्यायलाही नकार दिला, तेव्हा ते मखरही इतिहासजमा झाले. कारखाना, बाजार आणि घर असे तीन छाप एकावर एक असलेले हे खोके एका कुटुंबाची बखरच आहे.

बाजाराचा हिशेब याच्या नेमका उलटा चालतो. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत २००७ सालचा, चार जीबीचा, कधीच न उघडलेला आयफोन लिलावात १ लाख ९० हजार डॉलरांहून अधिक किमतीला गेला. मूळ किंमत होती ४९९ डॉलर. ही रक्कम फोनची नव्हे, न फाटलेल्या वेष्टनाची होती. संग्राहकाच्या लेखी खोक्यावर घरच्यांनी एक ओळ लिहिली की त्याची किंमत घटते. इतिहासकाराच्या लेखी तिथूनच ती सुरू होते. ज्या फोनवर कोणी कोणाशी बोललेच नाही, त्याला सांगण्यासारखे फारसे काही नसते. म्हणून ‘पुढे भाव येईल’ या आशेने खोकी साठवणाऱ्याने ती आशा सोडलेली बरी. आपल्या घरातली बहुतेक खोकी त्या अर्थाने बिनमोलाचीच निघणार.

संग्रहाची दुसरीही वाट आहे. रॉबर्ट ओपी या सोळा वर्षांच्या मुलाने १९६३ साली स्कॉटलंडच्या इन्व्हर्नेस स्थानकावर यंत्रातून गोळ्या घेतल्या आणि खाऊन झाल्यावर कागद फेकायचा नाही असे ठरवले. त्या कागदापासून वाढलेला संग्रह आज लंडनच्या वेष्टनांच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, कुलपे अशा घरगुती वस्तू गोळा करून पुण्यात संग्रहालय उभे केले. पाहणाऱ्यांच्या दृष्टीने त्या वस्तूही मोडीतल्याच होत्या. वस्तू जुनी होण्याआधी ती फक्त अडगळ असते, आणि या मधल्या काळातच तिचा निकाल लागतो.

मग सगळेच ठेवायचे का? नाही. शहरातल्या दोन खोल्यांच्या घराला ते परवडणार नाही आणि रद्दीत गेलेल्या पुठ्ठ्याचा पुन्हा पुठ्ठा होतो, हेही काही वाईट नाही. शिवाय खोके नेहमीच वस्तूचे मित्र नसते. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, कसर आणि वाळवीला आमंत्रण देतो. आतला मऊ फोम काही वर्षांत चिकट भुगा होऊन संचाला चिकटतो. प्लास्टिकची वायर थर्माकोलला टेकून राहिली तर वायर मऊ ठेवणारे द्रव्य थर्माकोलला विरघळवते आणि दोन्ही एकमेकांत रुततात. आत विसरलेले सेल गळतात. तेव्हा जुना संच त्याच्याच खोक्यात बंद करून ठेवणे हा त्याला जपण्याचा नव्हे, बिघडवण्याचा मार्ग ठरू शकतो. दोन्ही जपावीत, पण वेगवेगळी.

यातून व्यवहारी नियम निघतो. थर्माकोल, फोम, पिशव्या जाऊ द्याव्यात. छापील मजकुराचे खोके शिवणीवर उघडून सपाट करावे. कपाटामागे ते दोन बोटे जागा घेते. तेवढीही जागा नसेल तर किंमत, महिना, अनुक्रमांक आणि दुकानाचा शिक्का असलेली बाजू कापून घ्यावी, पण त्याआधी सहाही बाजूंचे फोटो काढावेत. चिकटपट्टी लावू नये. ती वाळली की अक्षरे घेऊन निघते. बिल, हमीपत्र आणि माहितीपुस्तिका सोबत ठेवावी. जुन्या रेडिओ-टीव्हीच्या पुस्तिकेत पुष्कळदा सर्किटचा नकाशा असे आणि दुरुस्ती करणाऱ्याला आजही तो लागतो. मोबाइलचे खोके तर निदान फोन वापरात असेपर्यंत फेकूच नये. फोन हरवल्यावर तक्रारीत जो पंधरा अंकी क्रमांक द्यावा लागतो, तो त्यावर छापलेला असतो. आणि शेवटी एका कागदावर लिहून ठेवावे, की हे कोणी आणले, कशाच्या पैशातून आणले, आणल्यावर शेजारचे कोण-कोण पाहायला आले. तांब्यावर कोरले जाई तेच आता पेनने लिहायचे.

नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला हे सांगावे लागत नाही. २००६ पासून युरोपला जाणारे द्राक्ष ‘ग्रेपनेट’ या नोंदव्यवस्थेतून जाते आणि परदेशातल्या पेटीवरून थेट बागेच्या प्लॉटपर्यंत माग काढता येतो. पेटी हा मालाचा दाखला असतो, हे या जिल्ह्याने व्यापारासाठी केव्हाच मान्य केले आहे. घरातल्या पेटीला तोच मान द्यायचा एवढेच उरले आहे.

हा अंक हाती पडेपर्यंत घरोघरची साफसफाई उरकली असेल आणि बरीच खोकी रद्दीच्या काट्यावर चढून गेली असतील. राहिली असतील त्यांतले एखादे खाली काढून त्याची बाजू फिरवून पाहावी. किंमत आणि महिना तर दिसेलच. त्याखाली आपल्याच घरातले एखादे हस्ताक्षर सापडण्याचाही संभव आहे.