गोधडी, परसबाग आणि पडता काळ

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा घरी आले होते आणि गाढ झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांतली घरं दगड-मातीची, जाडजूड भिंतींची, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात हीच घरं गार राहायची. त्या पहाटे तीच अंगावर आली. सरकारी आकड्यांनुसार लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली.

हे तुम्ही शाळेत, व्हॉट्सअॅपवर किंवा कुठल्या तरी रीलमध्ये ऐकलं असेलच. मी लातूरची, माझा जन्म भूकंपानंतरचा. आमच्याकडे वय सांगताना अजूनही 'भूकंपाच्या आधीचा' आणि 'भूकंपानंतरचा' असं म्हणतात. पण त्यावरचे अहवाल आणि लेख मी पहिल्यांदा वाचले ते गेल्या वर्षी, आणि त्याला कारण अभ्यास नव्हतं. पुण्यातली नोकरी कपातीत गेली होती. त्याच्या आधीचे काही महिने मला सकाळी उठावंसंच वाटत नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, आईने सामान बांधून मला घरी आणलं. घरी आई, बाबा आणि आता गाव सोडून आमच्याकडे राहणारी आजी. दिवसभर खोलीत पडून मोबाईलवर काहीतरी वाचत राहायचे. मला एकच गोष्ट शोधायची होती: एवढं सगळं गेल्यावर माणसं दुसऱ्या दिवशी उठून काय करतात?

अहवालांत त्याचं उत्तर सहज मिळत नाही. त्यांत बाकी पुष्कळ आहे. ५२ गावं पूर्ण नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. घरं जमिनीच्या मालकीप्रमाणे तीन मापांची: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. म्हणजे भूकंपाने सगळ्यांना एका पातळीवर आणलं होतं, ते पुनर्वसनाने पुन्हा सातबाऱ्याप्रमाणे लावून दिलं. मन या विषयावरही काम झालं. आपण ज्यांना अभिनेते म्हणून ओळखतो ते डॉ. मोहन आगाशे मुळात मानसोपचारतज्ज्ञ. भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्यावरच्या कामात ते होते. पण बाई सकाळी उठून हातात काय घ्यायची, हे चौरस फुटांत मावणारं नाही.

ते मला आजीकडून कळलं, तेही मी विचारलं म्हणून नाही. एका दुपारी ती दारात येऊन म्हणाली, "काय बघू लालीस गं दिवसभर त्यात? हिकडं ये, सुईत दोरा ओव. मला दिसंना." तिची गोधडी चालली होती. मी दोरा ओवला, आणि मग उठायचं कारण सापडेना म्हणून तिथेच बसले.

ज्यांनी गोधडी शिवताना बघितली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. जुनी लुगडी, धोतरं, साड्या एकावर एक जमिनीवर अंथरायच्या. सुरकुती राहू द्यायची नाही. मग कडेने धावदोरा घालत निघायचं, एक फेरा पुरा झाला की त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, असं चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत. ओळी सरळ आल्या पाहिजेत, टाके सारखे आले पाहिजेत. एकटीने केली तर महिना जातो. चौघी बसल्या तर गप्पांत होऊन जाते. आमच्या गावात हे काम उन्हाळ्यातलं, शेतात काही नसताना करायचं.

फक्त १९९३ साली ते थंडीत झालं. आजीचं सासर औसा तालुक्यातलं. घर पडलं, धाकटी जाऊ गेली. नंतरचे कितीतरी महिने सगळे पत्र्याच्या शेडमध्ये. मदतीचे ट्रक यायचे, त्यांत शहरांतले जुने कपडे असायचे. "पँटी, कोट, काय काय. आमी काय घालाव ते?" मग बायकांनी ते उसवले आणि गोधड्यांत घातले. जीन्सच्या जाड शिवणीवर सुया मोडायच्या. जावेची दोन लुगडी ढिगाऱ्यातून निघाली होती, तीही आजीने त्यातच घातली. मी विचारलं, रडत नव्हतीस का? ती म्हणाली, "रडायचं की. पर हात चालू ऱ्हायचे म्हून दिस जायचा."

आजीचं हे वाक्य एका पूर्ण वैद्यकीय शाखेचा पाया आहे, हे मला नंतर लक्षात आलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटन-अमेरिकेच्या दवाखान्यांत जखमी आणि मनाने खचलेल्या सैनिकांना विणकाम, टोपल्या, लाकूडकाम शिकवायला सुरुवात झाली. त्यातून 'ऑक्युपेशनल थेरपी' वाढली. ती भारतात आणली कमला निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी; विष्णू निंबकरांशी लग्न करून इकडे आल्या. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी सुरू केलेली या विषयाची शाळा आशियातली पहिली. (जाता जाता: लेखिका जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई, आणि इरावती कर्वे यांच्या कन्या. महाराष्ट्र कधी कधी फारच छोटा वाटतो.) म्हणजे आजी शेडमध्ये बसून गोधडी शिवत होती तेव्हा मुंबईत त्या विद्येला चाळीस-एक वर्षं झाली होती. आजीला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. हे वाचून कुणी गोळ्या बंद करू नका. माझ्या चालू आहेत. सुई-दोऱ्याने माझी दुपार गेली, रात्र गोळीने गेली.

आईचं प्रकरण वेगळं. तिचं माहेर नांदेड, आणि ती लोकरवाली. शाळेत शिकलेले सुलट टाके, उलट टाके तिला अजून न बघता येतात. नांदेड-लातूरच्या उकाड्यात स्वेटर लागतो किती दिवस? तरी माझ्या लहानपणी दर वर्षी एक नवा असायचा. मी तिला म्हटलं की हे शून्य आणि एकसारखंच आहे, दोनच टाके आणि त्यातून हवी ती नक्षी. तिने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, मग तुला पंधरा दिवसांत जमायला हवं. तीन महिने झाले, माझी पट्टी अजून कडेला वाकडी येते.

हातकामाचा इतिहास लिहिलाच जात नाही असं नाही. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज बनवते आणि झेंड्याचं कापड लातूर जिल्ह्यात उदगीरला विणलं जातं, ही बातमी दर ऑगस्टमध्ये येते. समितीमागे स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे, त्यामागे हैदराबाद मुक्तिसंग्राम आहे. यायलाच हवी. पण त्याच तालुक्यांतल्या घराघरांत अंथरलेल्या गोधडीवर तारीख नसते, सही नसते, आणि फाटली की ती दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाते. संदर्भ म्हणून दाखवायला काही उरतच नाही.

बागेचंही तसंच. २०१६ चा उन्हाळा आमच्या वयाच्या सगळ्या लातूरकरांना पाठ आहे. मांजरा धरण कोरडं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ पाचपेक्षा जास्त लोकांनी जमू नये म्हणून १४४ कलम. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून 'जलदूत' आली, दहा डबे, पाच लाख लिटर पाणी. स्टेशनवर कॅमेरे होते. मी तेव्हा नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंगला होते आणि मित्रमैत्रिणी मला ट्रेनचे मीम पाठवत होते. घरी आई तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालत होती, आणि आजी आंघोळीला परातीत बसायची, म्हणजे ते पाणी शेवग्याला जाईल. कुंड्या अकरा होत्या, चार वाचल्या. आई अजूनही तो आकडा न विचारता सांगते.

पुनर्वसित गावांतून जाताना बघा. सुरुवातीला तिथे सरळ रेघांत घरं आणि मध्ये रुंद रस्ते एवढंच होतं. जुन्या गल्ल्या गेल्या, त्यांच्याबरोबर चौघींनी बसायच्या सावलीच्या जागाही गेल्या; आजी नव्या गावाबद्दल अजून हीच तक्रार करते. मग लोकांनी घराभोवतीच्या मोकळ्या जागेत लिंब लावले, शेवगा, पपई, मिरच्या, अळू. आराखड्यात परसबाग असो-नसो, ती झाली. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचं इथलं काम भूकंपानंतरच्या घरदुरुस्तीतून उभं राहिलं. गावातल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या, घरं कशी मजबूत करायची ते घरोघर सांगू लागल्या. पुढे दुष्काळात त्याच संस्थेने बायकांसाठी एक एकराची शेती मांडली: नवऱ्याकडून, सासऱ्याकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचा आणि त्यात सोयाबीन न लावता घरात खायचं पिकवायचं, डाळी, ज्वारी, भाज्या. २०१६ मध्ये, म्हणजे ट्रेनच्याच वर्षी, संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मीम त्याचे आले नाहीत.

मला यातली अवघड गोष्ट 'मागून घ्यायचा' ही वाटते. जमीन घरचीच, राबणारी तीच, तरी अर्धा एकर मागावा लागतो. परसबाग कुणी मागत नाही, कारण ती कुणी मोजत नाही. तिथे काय लावायचं ते बाईच ठरवते. आजोबांनी आजीला शेतातला एक सरी कधी दिला नाही, पण न्हाणीमागच्या तुकड्यात त्यांनी पाऊलही टाकलं नाही. आजीच्या लेखी तो तिचा सातबारा.

सध्या गच्चीवर नऊ कुंड्या आहेत. दोन माझ्या, त्यातल्या एकीत मेथी आली. मी दोन मुलाखती दिल्या, एकीचं काही कळलेलं नाही. गोधडीचे बाहेरचे सहा फेरे झाले आहेत. भूकंपातली जुनी गोधडी पार विरली होती, ती आम्ही या नवीच्या पोटात घातली आहे. उसवलेल्या कोपऱ्यातून आत बघताना मला एक जाड निळा तुकडा दिसला, कुणाच्या तरी जीन्सचा, खिशाची शिवण तशीच. आजी म्हणाली, तिथं सुई जपून घाल.