संमतीच्या वाक्यातला कर्ता : बौद्धिक अक्षमता आणि वैद्यकीय संशोधनाचा इतिहास

वैद्यकाच्या इतिहासात साहित्याच्या अभ्यासकाला काय काम, असा प्रश्न कोणी विचारला तर आमचे उत्तर साधे आहे. संमती ही मुळात भाषेची गोष्ट आहे. कोण बोलतो, कोण कोणाच्या वतीने बोलतो, कोणाचे बोलणे 'बोलणे' म्हणून मोजले जाते आणि कोणाचे नुसता आवाज म्हणून सोडून दिले जाते, हे प्रश्न आपण कादंबरी वाचताना निवेदकाबद्दल विचारत असतो. रुग्णालयात आणि प्रयोगशाळेत हेच प्रश्न जगण्यामरण्याचे होतात. ज्यांना आपण कालपरवापर्यंत 'मतिमंद' म्हणत होतो आणि आज बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती म्हणतो, त्यांच्याबाबत तर ते विशेष तीव्रतेने होतात. गेल्या शंभर वर्षांत या माणसांना आधी संशोधनात ओढून आणले गेले, मग संशोधनाबाहेर ठेवले गेले. दोन्ही वेळा एक गोष्ट समान राहिली : त्यांना स्वतःला कोणी विचारले नाही.

सुरुवात शब्दांपासून करू. इंग्रजीत आज शिवीसारखे वापरले जाणारे 'इडियट', 'इम्बेसाइल' आणि 'मोरॉन' हे शब्द विसाव्या शतकाच्या आरंभी शास्त्रीय वर्गवारीचे शब्द होते. यांपैकी 'मोरॉन' हा शब्द हेन्री गोडार्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९१० मध्ये प्रचारात आणला. १९१२ मध्ये त्याने 'कॅलिकॅक' या टोपणनावाच्या एका घराण्याचा इतिहास प्रसिद्ध केला आणि बुद्धीची मंदता पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून उतरते असा निष्कर्ष काढला. पुढे त्या अभ्यासाची पद्धत सदोष ठरली, परंतु तोवर अशा विचारांनी कायद्यात घर केले होते. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'बक विरुद्ध बेल' या खटल्यात कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाला आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने मान्यता दिली. तिची बौद्धिक उणीव आनुवंशिक आहे हे दाखवण्यासाठी तिच्या तान्ह्या मुलीलाही मंदबुद्धी ठरवण्यात आले होते. ती मुलगी पुढे शाळेत नीट शिकत होती, हा तपशील निकालानंतर फार उशिरा चर्चेत आला.

शब्दांनी एकदा माणसाची पायरी ठरवली की त्याच्या देहाचा उपयोगही ठरतो. स्वीडनमधील लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म नावाचे, बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीचे मोठे रुग्णालय होते. १९४५ ते १९५५ या काळात तेथे आहार आणि दंतक्षय यांच्या संबंधावर प्रयोग झाले. चारशेहून अधिक निवासींवर झालेल्या या प्रयोगांत काहींना मुद्दाम बनवलेल्या, दातांना चिकटून राहणाऱ्या टॉफ्या देण्यात आल्या. एका गटाला तर दिवसाला चोवीस. अनेकांचे दात किडले. १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट रूपात खाल्ली, हे अधिक महत्त्वाचे. 'दोन जेवणांच्या मध्ये गोड खाऊ नका' हा दंतवैद्याचा सल्ला आपण ऐकतो तेव्हा त्यामागे व्हिपेहोल्म असते. स्वीडनमध्ये मुलांना फक्त शनिवारी गोळ्या-चॉकलेटे देण्याची जी प्रथा रुजली, तिचे मूळही तेथेच आहे. एका देशातील मुलांचे दात वाचले. ज्यांच्या किडलेल्या दातांतून हे ज्ञान मिळाले, त्यांना कोणी विचारले नव्हते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील फर्नाल्ड शाळेत १९४६ ते १९५३ या काळात सत्तरांहून अधिक मुलांना न्याहारीच्या ओटमीलमधून आणि दुधातून किरणोत्सारी लोह व कॅल्शियम देण्यात आले. अन्नातील क्षार शरीरात कसे शोषले जातात हे पाहायचे होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे संशोधक आणि क्वेकर ओट्स ही कंपनी यांचा त्यात सहभाग होता. मुलांना 'सायन्स क्लब'चे सभासद करून घेण्यात आले. बेसबॉलचे सामने, सहली, भेटवस्तू अशी आमिषे होती. पालकांना गेलेल्या पत्रांत पौष्टिक आहाराचा उल्लेख होता, किरणोत्साराचा नव्हता. ही हकीकत १९९३ च्या अखेरीस वृत्तपत्रांतून बाहेर आली आणि १९९८ मध्ये साडेअठरा लाख डॉलरांची भरपाई देऊन प्रकरण मिटवण्यात आले. किरणोत्साराची मात्रा अल्प होती असे चौकशीत म्हटले गेले. ते मान्य केले तरी प्रश्न मात्रेचा नाही. एका बंद संस्थेतील मुलाला क्लबचे सभासदत्व हे आमिष पुरते, यातच त्याच्या उरलेल्या दिवसांचे वर्णन आले.

तिसरे उदाहरण सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत गुंतागुंतीचे. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील विलोब्रुक ही संस्था सुमारे चार हजार जणांसाठी बांधलेली होती. १९६० च्या दशकात तेथे सहा हजारांच्या आसपास माणसे कोंबलेली होती. काविळीची साथ तेथे कायमची वस्तीला होती. १९५६ पासून डॉ. सॉल क्रुगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे नव्याने दाखल होणाऱ्या काही मुलांना मुद्दाम काविळीच्या विषाणूची लागण करून रोगाचा अभ्यास केला. पालकांची लेखी संमती घेतली जात असे. परंतु १९६४ च्या सुमारास गर्दीमुळे सर्वसाधारण प्रवेश बंद झाले, तेव्हा संशोधनाच्या विभागात मात्र जागा होती. घरी अशक्य झालेल्या मुलासाठी दुसरे दार नसलेल्या आईवडिलांनी केलेल्या त्या सहीला संमती म्हणायचे की नाईलाज, हा प्रश्न तेव्हापासून वैद्यकीय नीतीच्या प्रत्येक वर्गात विचारला जातो.

क्रुगमन यांचा युक्तिवाद असा, की या मुलांना कावीळ नाहीतरी होणारच होती. देखरेखीखाली झाली तर बरे. हा युक्तिवाद नीट वाचायला हवा, कारण तो अजून मेलेला नाही. त्यात संस्थेची दुरवस्था ही निसर्गाची स्थिती मानलेली आहे, जणू ती पावसासारखी वरून येते. वस्तुतः लागण थांबवण्याचा एक मार्ग गर्दी कमी करणे, स्वच्छता वाढवणे हाही होता. दुसऱ्या बाजूला हेही खरे, की या अभ्यासांतून काविळीचे दोन वेगळे प्रकार स्पष्ट झाले आणि 'ब' प्रकारच्या लसीकडे जाणारी वाट दिसली. क्रुगमन यांना १९८३ मध्ये लास्कर पुरस्कारही मिळाला. आज बाळाला 'हिपॅटायटिस बी'ची लस टोचून घेणारे आपण सगळे त्या ज्ञानाचे लाभार्थी आहोत. म्हणून 'ते दुष्ट होते' एवढे म्हणून सुटका होत नाही.

यानंतर इतिहासाने कूस बदलली. १९६६ मध्ये हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाने अनैतिक वाटणाऱ्या बावीस संशोधनांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत विलोब्रुकही होते. १९७२ मध्ये तेथील हाल दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोहोचले आणि त्याच वर्षी टस्कीगी येथील कृष्णवर्णीयांवरील उपदंशाच्या अभ्यासाचा गौप्यस्फोट झाला. १९७४ मध्ये अमेरिकेत संशोधनविषयक कायदा झाला, १९७९ मध्ये बेलमाँट अहवाल आला. व्यक्तीविषयी आदर, हित आणि न्याय ही त्याची तीन तत्त्वे. विलोब्रुक १९८७ मध्ये बंद झाले.

येथवरची कथा अंधाराकडून उजेडाकडे जाणारी वाटते. पण आम्हांला जो भाग अधिक महत्त्वाचा वाटतो तो येथून पुढे सुरू होतो. ज्यांना संरक्षण द्यायचे त्यांना बाहेर ठेवणे, हा संरक्षणाचा सर्वांत सोपा मार्ग ठरला. औषधांच्या चाचण्यांत 'संमती देण्यास असमर्थ' अशा व्यक्तींना वगळण्याची अट सर्रास दिसू लागली. पूर्वी ज्ञान यांच्या देहांतून निघत होते आणि लाभ इतरांना होत होता. आता ज्ञान इतरांच्या देहांतून निघू लागले आणि यांना लागू पडते की नाही हे कोणी तपासेना. न्यायाचे तत्त्व दोन्ही स्थितींत मोडते, पण दुसऱ्या स्थितीत ते मोडल्याचा आवाज होत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण डाउन सिंड्रोमचे आहे. या अवस्थेत एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते आणि अल्झायमरच्या रोगात मेंदूत साचणाऱ्या अॅमिलॉइड प्रथिनाचे जनुक त्याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे चाळिशीपर्यंत यांच्यापैकी जवळजवळ सर्वांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा दिसतात. म्हणजे ज्या गटाला या रोगाचा धोका सर्वाधिक, तोच गट. तरीही अॅमिलॉइडवर मारा करणाऱ्या लेकानेमॅबसारख्या नव्या औषधांच्या निर्णायक चाचण्यांत त्यांना स्थान नव्हते. डॉक्टरकडे गेल्यावर त्यांना काय सांगायचे? औषध आहे, पण तुमच्यासाठी सुरक्षित आहे की नाही हे कोणी पाहिलेले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१८ मध्ये डाउन सिंड्रोमवरील संशोधनासाठी 'इन्क्लूड' हा स्वतंत्र प्रकल्प सुरू केला, तो ही पोकळी ओळखूनच.

संशोधनातील वगळणे रुग्णालयाच्या खाटेपर्यंत पोहोचते. ब्रिटनमध्ये २००७ मध्ये मेनकॅप या संस्थेने सहा मृत्यूंची हकीकत प्रसिद्ध केली आणि त्या अहवालाच्या शीर्षकातच मृत्यूचे कारण 'अनास्था' असे नोंदवले. २०१३ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील चौकशीने नैऋत्य इंग्लंडमधील बौद्धिक अक्षमता असलेल्या २४७ व्यक्तींचे मृत्यू तपासले. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत पुरुष १३ वर्षे आणि स्त्रिया २० वर्षे आधी गेल्या होत्या. अक्षमतेपेक्षा उशिरा झालेले निदान, लांबलेले उपचार अशी टाळता येण्याजोगी कारणे पुन्हापुन्हा समोर आली. माणूस डोके आपटून घेत असेल तर 'त्यांचे असेच असते' म्हणून सोडून दिले जाते. दाढ दुखते आहे हे कोणी बघत नाही. मूळ अक्षमतेची सावली दुसऱ्या आजारावर पडून तो दिसेनासा होतो. या प्रकाराला १९८० च्या दशकापासून स्वतंत्र संज्ञा आहे. आम्ही याला वाचनाची चूक म्हणू : पात्राचा एक ठसा मनात पक्का झाला की त्याचे प्रत्येक वाक्य आपण त्या ठशातूनच वाचतो.

हे सारे परदेशातले, असे म्हणण्याची सोय महाराष्ट्राला नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतील बौद्धिक अक्षमता असलेल्या काही मुली व स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मासिक पाळीतील स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण देण्यात आले. स्त्री-संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते यांच्या निषेधानंतर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. येथेही विलोब्रुकचाच युक्तिवाद आहे : संस्थेत पुरेशी माणसे नाहीत, साधने नाहीत, म्हणून देह बदला. त्या वेळच्या वादात डॉक्टर, अधिकारी, पालक, कार्यकर्ते सगळे बोलले. ज्यांच्याबद्दल वाद चालू होता त्यांचे एकही वाक्य आपल्या सार्वजनिक स्मृतीत राहिलेले नाही.

त्यानंतर कायद्याने बरीच मजल मारली. २००९ मध्ये चंडीगढच्या एका संस्थेतील बौद्धिक अक्षमता असलेल्या, बलात्कारातून गरोदर राहिलेल्या तरुणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करता येणार नाही असा निर्णय दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वतंत्र आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करण्यास मनाई आहे. त्याच कायद्याच्या सहाव्या कलमानुसार संशोधनासाठी व्यक्तीला समजेल अशा माध्यमातून घेतलेली संमती लागते. शिवाय एका समितीची पूर्वपरवानगी लागते आणि तिचे निम्मे तरी सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संघटनांचे असावे लागतात. 'समजेल अशा माध्यमातून' हे शब्द साहित्याच्या आणि भाषेच्या शिक्षकांनी थांबून वाचावेत. सोप्या मराठीत, चित्रांसह, छोट्या वाक्यांत संमतीपत्र लिहिणे हे डॉक्टरांचे एकट्याचे काम नव्हे. ते आपल्या व्यवसायाचे काम आहे आणि आपण ते आपले मानलेले नाही.

एक आक्षेप येथे प्रामाणिकपणे घ्यायला हवा. काही व्यक्तींची अक्षमता इतकी तीव्र असते की सोपे शब्द, चित्रे, भरपूर वेळ देऊनही संमती हा शब्द त्यांच्याबाबत वापरता येत नाही. त्यांचे काय? इंग्लंडच्या २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याने एक मध्यम मार्ग काढला. क्षमता आहे असे आधी गृहीत धरायचे. नाहीच असे दिसले तर जवळच्या माणसाचा सल्ला घ्यायचा. आणि व्यक्तीने कोणत्याही खुणेने विरोध दाखवला तर संशोधन थांबवायचे. मान फिरवणे, हात मागे घेणे हेही येथे वाक्य ठरते. हा मार्ग निर्दोष नाही. हितचिंतकाच्या तोंडून आपलाच कंटाळा बोलण्याचा धोका त्यात आहे. परंतु नुसते वगळण्यापेक्षा तो अधिक जबाबदार आहे.

साहित्याने या बाबतीत काय केले? फॉकनरने १९२९ मध्ये 'द साउंड अँड द फ्युरी'चा पहिला भाग बेंजीच्या जाणिवेतून लिहिला. डॅनियल कीजने 'फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन'मध्ये प्रयोगविषय झालेल्या चार्लीच्याच हाती लेखणी दिली. आपल्याकडे जयवंत दळवींचे 'नातीगोती' आणि १९९१ चा 'चौकट राजा' हा चित्रपट यांनी कुटुंबाची घालमेल मराठी मनाला भिडवली, आणि ते काम मोठे होते. पण या सर्व कृती इतरांनी लिहिलेल्या आहेत. १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये नायजेल हंट या डाउन सिंड्रोम असलेल्या तरुणाने स्वतः टंकलिखित केलेले आत्मकथन प्रसिद्ध झाले. विलोब्रुकमध्ये ज्या वर्षी प्रयोग चालू होते त्याच वर्षीची ही गोष्ट. म्हणजे उत्तर देऊ शकणारी माणसे तेव्हाही होती. आज अनेक देशांत बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती संशोधनाचे प्रश्न ठरवण्यात, मुलाखती घेण्यात, निष्कर्ष तपासण्यात सहभागी होतात. सहसंशोधक म्हणून त्यांची नावे येतात.

जुन्या वैद्यकीय अहवालांची वाक्ये बहुधा 'देण्यात आले', 'करण्यात आले', 'आढळून आले' अशी असतात. अशा वाक्यांत कर्ता लपतो आणि कर्मही हळूहळू पुसट होत जाते. मराठीत असे वाक्य वाचले की 'कोणी? कोणाला? त्याला विचारले होते का?' एवढे तीन प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांनी विचारावेत. वैद्यकाचा इतिहास त्यांना तेवढ्यानेच वेगळा दिसू लागेल.