ब्लोअरची पेटी : चहाच्या मळ्यातून निफाडच्या गॅरेजात

डिसेंबरच्या पहाटे निफाडात द्राक्षबागांच्या कडेने शेकोट्या पेटलेल्या दिसतात. पारा पाच अंशांखाली गेला की पिकत आलेल्या मण्यांना तडे जाऊ लागतात, म्हणून ही धडपड. जवळच कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. थंडीच्या दिवसांत तेथील किमान तापमानाचा आकडा वर्तमानपत्रात आला नाही असे सहसा होत नाही.

अशाच एका हिवाळ्यात आम्ही निफाडच्या एका गॅरेजात उभे होतो. तेथील कारागिराचा मुख्य धंदा द्राक्षबागेत औषध फवारणारे ट्रॅक्टरचे ब्लोअर दुरुस्त करण्याचा. त्या दिवशी मात्र समोर १९६०च्या दशकातली, ब्रिटिश बनावटीची, दोन आसनांची स्पोर्ट्‌स कार उभी होती. गाडी आमच्या एका स्नेह्यांची. त्यांची तक्रार अशी, की पहाटे निघाले की समोरच्या काचेवर आतून वाफ धरते आणि रस्ता दिसेनासा होतो. आदल्याच आठवड्यात कांद्याने भरलेली, मागे दिवा नसलेली एक ट्रॉली त्यांना अगदी जवळ गेल्यावर दिसली होती.

काचेवर वाफ का धरते हे आपण वर्गात शिकवतोच. ५ अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ७ ग्रॅम बाष्प मावते, ३० अंशांच्या हवेत सुमारे ३० ग्रॅम. बाहेरची धुक्याची, बाष्पाने तुडुंब भरलेली हवा आत घेऊन ३० अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्याही खाली येते. अशी कोरडी ऊन हवा काचेवर सोडली की काच पुसल्यासारखी स्वच्छ होते. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातली उष्णता त्यासाठी फुकट मिळते. लागतो तो फक्त हवा ढकलणारा ब्लोअर.

म्हणजेच बंद पेटीतला पंखा. ही युक्ती फार जुनी आहे. चीनमध्ये हान राजवटीच्या काळातल्या थडग्यांत धान्य उफणण्याच्या यंत्राच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या आहेत. त्यांत पंखा पेटीत बसवलेला आणि फिरवायला हँडल आहे. युरोपात अ‍ॅग्रिकोलाच्या खाणविद्येवरील १५५६ सालच्या ग्रंथात खाणीत हवा खेळवणाऱ्या यंत्रांची चित्रे आहेत. लाकडी पिंपात फिरणारी पाती, हवा आत यायला एक भोक आणि बाहेर न्यायला एक नळकांडे, अशी त्यांची रचना. काही पाती तर बदकवर्गीय हंसांच्या पिसांची केलेली! १७३६ साली देसाग्युलिए या न्यूटनच्या अनुयायाने ब्रिटिश पार्लमेंटच्या सभागृहासाठी सात फूट व्यासाचे असेच चाक बसवले. ते हाताने फिरवावे लागे, आणि फिरवणाऱ्या माणसालाच ‘व्हेंटिलेटर’ म्हणत.

या सगळ्यांत पाती सरळ आणि थोडी असत. आज मोटारीच्या ब्लोअरमध्ये खारीच्या पिंजऱ्यासारखे, परिघावर अरुंद पात्यांची रांग असलेले चाक दिसते. त्याचा उगम आपल्याकडच्या चहाच्या मळ्यांशी जोडलेला आहे. सॅम्युअल डेव्हिडसन हा बेलफास्टकडचा तरुण १८६४ मध्ये आसामातल्या कछार भागात मळ्यावर काम करायला आला. तेव्हा चहाची पाने कोळशाच्या निखाऱ्यांवर वाळवत. धूर लागे, पाने करपत. डेव्हिडसनने गरम हवेवर चहा वाळवणारी यंत्रे तयार केली, सहारातून येणाऱ्या उष्ण वाऱ्यावरून त्यांना ‘सिरोको’ नाव दिले आणि १८८१ मध्ये बेलफास्टला कारखाना काढला. पानांच्या थरांतून भरपूर हवा खेळवायची तर चांगला पंखा हवा. १८९८ मध्ये त्याने पुष्कळ, आखूड आणि फिरण्याच्या दिशेने पुढे वाकवलेली पाती असलेल्या पंख्याचे पेटंट घेतले. लहान आकारात, कमी वेगावर तो भरपूर हवा देतो. पुढे तो खाणींत आणि जहाजांवर गेला. मोटारीच्या अडचणीच्या जागेत तर तो फारच सोयीचा ठरला.

अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ मध्ये बाहेरची ताजी हवा आत घेऊन ती तापवणारी व्यवस्था मोटारीत आणली. स्पोर्ट्‌स कारवाल्यांना मात्र ही चैन वाटे. १९६२ साली आलेल्या ‘एमजीबी’त सुरुवातीला हीटर हवा असेल तर जादा पैसे मोजावे लागत. आपल्या पद्मिनी आणि अँबेसेडरमध्ये दारावरची तिकोनी काच वाऱ्याकडे वळवली की काम भागे!

निफाडच्या गाडीत ब्लोअर होता आणि फिरतही होता. पेटी काढून पाहिली तर सांध्यातला फोम हात लावताच भुगा होत होता. अशा फटींतून हवा काचेकडे जाण्याऐवजी भलतीकडेच निसटते. कारागिराने पेटी घासूनपुसून रंगवली, नवा फोम चिकटवला आणि इंजिनामागच्या पत्र्यावरच्या अरुंद जागेत, चार वेळा हात सोलून घेऊन, ती परत बसवली. बटण दाबले. काचेखालच्या फटीवर धरलेली वर्तमानपत्राची पट्टी जेमतेम हलली.

“वारा बाहेरच येतोय, म्हणजे चाक बरोबर फिरतंय. मोटर थकली असेल,” कारागीर म्हणाला. आम्हीही मान डोलावली.

इथेच आम्ही फसलो. बागेतल्या ब्लोअरचा पंखा बहुधा अक्षीय असतो, घरातल्या टेबलपंख्यासारखा. तो उलटा फिरला की वारा उलटा जातो, आणि चूक लगेच कळते. पेटीतला केंद्रोत्सारी पंखा तसा नाही. चाक कोणत्याही दिशेने फिरो, हवा मध्यातून आत येते आणि परिघाकडेच फेकली जाते. तिथून सुटायला वाट एकच, पेटीचे तोंड. वारा कुठून बाहेर पडायचा हे पेटी ठरवते, चाक नव्हे. पण चाक उलटे फिरले तर पुढे वाकलेली पाती मागे वाकलेली होतात. हवा परिघावरून कमी वेगाने निघते, शिवाय शंखासारख्या वाढत जाणाऱ्या पेटीच्या वळणाविरुद्ध जाते. वारा येतो, पण मेलेला.

संध्याकाळी चहा घेताना ही शंका आली. मोटर कायम चुंबकाची होती. अशा मोटरच्या दोन तारांची अदलाबदल झाली की ती उलटी फिरते. त्या काळच्या कितीतरी ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे, पुढे ऋण टोक जोडण्याची पद्धत आली. ही गाडीही मधल्या काळात कोणीतरी बदलून घेतलेली होती. बॅटरी फिरवली, ब्लोअरच्या तारा तशाच राहिल्या. अनेक वर्षे चाक उलटे फिरत होते आणि वारा येत असल्यामुळे कोणाला संशय आला नाही.

तारा बदलल्या. पट्टी फटीतून सरळ वर उडाली आणि कारागिराच्या मिशीला लागली.

त्याने मग पेटी पुन्हा उतरवली, कारण घाईत एक कड नीट बसली नव्हती. या वेळी बसवण्यापूर्वी मोटर बाहेरच बॅटरीला जोडून चाक कुठे फिरते ते पाहिले आणि पेटीवर खडूने बाण काढला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही लासलगावच्या रस्त्याला लागलो. बाहेर धुके होते. काच आतून कोरडी होती, आणि पुढच्या ट्रॉलीचा मागचा फळकूट आम्हांला बराच लांबून दिसला.