खिशातले अठरा कारखाने

शिवकाळात राज्याचे अठरा कारखाने आणि बारा महाल असत, असं आम्ही शाळेत घोकलं होतं. त्यातले चारसुद्धा आज मला सांगता यायचे नाहीत. परंतु अठराच्या अठरा कारखाने एका माणसाच्या खिशात मावू शकतात, हे मात्र मी लहानपणी या डोळ्यांनी पाहिलं आहे. तो माणूस म्हणजे आमचे दादामामा आणि ते कारखाने म्हणजे त्यांचा लाल चाकू.

हा चाकू १९७२ साली मामांच्या मेहुण्याने युरोपातून येताना आणला. मामीला सेंटची बाटली आणि मामांना चाकू. "एवढं विमानाने जाऊन सुरी आणलीस होय रे? मंडईत काय सुऱ्या संपल्या होत्या?" असं मामीने भावाला विचारलं, तेव्हा मामांनी काही न बोलता नखाने एकेक अवयव उघडायला सुरुवात केली. मोठं पातं, धाकटं पातं, कात्री, डबा फोडायची चोच, बाटलीचं टोपण काढायचं, पेचकस, टोचा. मग पोटातून चिमटा निघाला, पाठीतून दातकोरणं निघालं. शेवटी एक मळसूत्री, नागमोडी वस्तू बाहेर आली आणि मेहुणा गप्प झाला. घर माळकरी होतं. "हे औषधाच्या बाटलीचं बूच काढायला," असं मामांनी आजीला गंभीरपणे सांगितलं. आजीला तिकडच्या लोकांच्या प्रकृतीची फार काळजी वाटली.

त्या घरात त्या मळसूत्राने दारूची बाटली जन्मात पाहिली नाही. पण म्हणून ते बेकार बसलं असं नव्हे. विजूदादाच्या लग्नात मुहूर्ताला सात मिनिटं उरली असताना नवरदेवाच्या सुरवारीच्या नाडीला निरगाठ बसली. कुणी दातांनी सोडवायला निघालं, कुणी कात्री मागितली. मामांनी लाल चाकू काढला. नवरदेव पांढराफटक पडला. मामांनी मळसूत्राचं टोक गाठीत घातलं, एक पीळ दिला आणि गाठ सुटली. भजनात पेटीचा एक सूर बसला, तेव्हा मामांनी पेटी उघडून चिमट्याने त्या सुरात अडकलेला अक्षतेचा दाणा काढला. कुकरचा दांडा, चष्म्याची काडी, पोरांच्या पायातले बाभळीचे काटे, सगळी गिऱ्हाइकं तिथेच यायची.

फक्त दातकोरणं टिकलं नाही. आजोबांनी एकदा जेवणानंतर ते मागून घेतलं, मनसोक्त दात कोरले आणि पन्नास वर्षांच्या सवयीने खिडकीबाहेर फेकून दिलं! मामांनी सगळं परसू धुंडाळलं. शेवटी माझा फाटका पतंग घेतला, त्याची कामटी त्याच चाकूने तासतासून पातळ केली आणि रिकाम्या खोबणीत बसवली. पतंगाचं मला वाईट वाटलं. पण पुढे गावातल्या पोरांना मी सांगत असे, मामांच्या चाकूत माझी पार्टनरशिप आहे.

मोठेपणी या चाकूचं कुळ शोधून काढावंसं वाटलं. आम्हां मध्यमवर्गीयांना वस्तू विकत घेण्यापेक्षा तिचा इतिहास वाचणं स्वस्त पडतं.

पहिल्या फटक्याला कळलं, की ही हौस फार जुनी आहे. इंग्लंडात केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातली एक घडीची वस्तू आहे. इसवीसनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमाराची. चांदीच्या एका दांड्याला चमचा, काटा, टोचा, उलथन्यासारखी पट्टी, दातकोरणं आणि लोखंडी पातं. सतराशे वर्षांपूर्वीच्या त्या रोमन गृहस्थाचं दातकोरणं शाबूत आहे. त्याच्या घरात आजोबा नसावेत.

आणि आपल्याकडे तरी काय कमी होतं? एका कडीत ओवलेलं कानकोरणं, दातकोरणं नि चिमटा पूर्वी कितीतरी घरांत असे. विळीला खवणी जोडणाऱ्या अनामिक माउलीला तर कुणी पेटंटही दिलं नाही.

लाल चाकूची जन्मकथा मात्र लष्करी आहे. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १८८९ सालची नवी बंदूक घेतली. ती साफ करायला खोलायची तर पेचकस हवा. शिपायांना डबाबंद अन्न मिळू लागलं होतं, ते खायचं तर डबा फोडायचं साधन हवं. पाव कापायला सुरी हवी. तेव्हा सरकारने ठरवलं, की एकच चाकू द्यावा. पातं, डबाफोड्या, पेचकस आणि टोचा. मूठ काळपट लाकडाची. फर्मान निघालं, पण इतके चाकू करण्याची ऐपत सबंध स्वित्झर्लंडात कुणाची नव्हती. पहिले १५,००० चाकू जर्मनीतल्या झोलिंगेन गावाहून आले. स्विस सैनिकाचा स्विस चाकू, तोही जर्मन!

ही गोष्ट कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिराच्या मनाला लागली. श्विझ परगण्यातल्या इबाख गावी १८८४ पासून त्याची सुऱ्या-चाकूंची कार्यशाळा होती. त्याने इतर कारागिरांचा संघ जमवला आणि १८९१ साली सैन्याला पहिले देशी चाकू दिले. देशाभिमान उत्तम होता, हिशेब वाईट होता. झोलिंगेनचे कारखाने तोच चाकू स्वस्तात देत होते. संघातले बाकीचे हळूहळू गळाले आणि एल्सेनर कर्जात बुडाला. नातेवाइकांनी हात दिला म्हणून वाचला. स्वदेशीचं व्रत घेतलेल्या माणसाला नातेवाईक लागतातच, हा अनुभव आपल्याकडेही आहे.

पण गडी हटला नाही. शिपायाचा चाकू जड आणि ओबडधोबड आहे, अधिकाऱ्यांसाठी काही नाजूक करावं असं त्याने मनात घेतलं. अडचण अशी, की प्रत्येक पात्याला ताठ धरायला मागे पोलादी पट्टी लागते. पाती वाढली की पट्ट्या वाढतात आणि चाकूची वीट होते. एल्सेनरने एकाच पट्टीला दोन्ही बाजूंना राबवलं. पोटाकडची पाती तिनेच धरायची, पाठीकडचीही तिनेच. (संयुक्त कुटुंबातल्या थोरल्या सुनेला यात नवीन काही वाटणार नाही.) १२ जून १८९७ रोजी या चाकूची नोंदणी झाली. त्यात धाकटं पातं आलं आणि आमच्या आजीला चिंतेत टाकणारं ते मळसूत्रही आलं. गंमत म्हणजे सैन्याने हा चाकू कधी अधिकृतपणे दिलाच नाही. अधिकारी पदरचे पैसे मोडून घेऊ लागले. बंदूक सरकारी, बूच खाजगी!

एल्सेनरच्या आईचं टोप्यांचं दुकान होतं. नाव व्हिक्टोरिया. ती १९०९ साली वारली, तेव्हा त्याने कारखान्याला तिचं नाव दिलं. १९२१ मध्ये न गंजणारं पोलाद वापरात आलं, त्याच्या 'इनॉक्स' या नावाचं शेपूट जोडून झालं 'व्हिक्टोरिनॉक्स'. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी हे चाकू ढिगाने घरी नेले. 'श्वायझर ऑफिझिअर्समेसर' हे मूळ नाव त्यांच्या तोंडात मावेना, म्हणून ते नुसतं 'स्विस आर्मी नाइफ' म्हणू लागले.

यात एक उणीव होती. टिम लेदरमन नावाचा अमेरिकन तरुण १९७५ साली बायकोबरोबर एका जुन्या फियाटमधून युरोप पाहत होता. गाडी बिघडायची, हॉटेलातले नळ गळायचे आणि खिशातला चाकू दर वेळी तोकडा पडायचा, कारण त्यात पक्कड नव्हती. घरी परतून तो पक्कडवाला चाकू करायला बसला, तो वर्षानुवर्षं बसलाच. बायको नोकरी करून घर चालवत होती. १९८० साली पेटंट मिळालं, गिऱ्हाईक मिळेना. चाकूवाले म्हणत, हे हत्यार आहे. हत्यारवाले म्हणत, हा चाकू आहे. १९८३ मध्ये माल एकदाचा बाजारात आला, तेव्हा पहिल्या वर्षातच ३०,००० च्या आसपास नग खपले. आमच्या सौभाग्यवतीला ही कथा सांगितली. ती म्हणाली, "त्याने निदान नळ तरी पाहिला होता."

लाल चाकूने सर्वांत उंचावर काम केलं ते १९९५ सालच्या नोव्हेंबरात. अमेरिकन यान रशियाच्या 'मीर' स्थानकाला जाऊन जोडलं गेलं, पण दार उघडेना. ते इतकं घट्ट बांधून, चिकटवून ठेवलेलं, की जणू आमच्या आजीने बांधलेली लोणच्याची बरणी. क्रिस हॅडफिल्ड या कॅनेडियन अंतराळवीराने खिशातला स्विस चाकू काढला आणि दार मोकळं केलं.

पुढे ११ सप्टेंबर २००१ आलं. विमानतळांवर चाकूला बंदी झाली, विमानतळांवरच्या दुकानांतूनही तो गेला आणि कारखान्याचा धंदा एकदम ३० टक्क्यांच्या आसपास घसरला. तरी इबाखने कुणाला घरी बसवलं नाही. काही कामगार चक्क शेजारच्या कंपन्यांना उसने दिले! आपण वाटीभर साखर देतो, त्यांनी माणसं दिली.

आता या इतिहासातलं माझं पान. मामा गेल्यावर मामीने चाकू माझ्या हातात ठेवला. "तुझी पार्टनरशिप आहे ना," म्हणाली. तेव्हापासून तो माझ्या शबनम पिशवीत असायचा. परवा लेकीकडे दिल्लीला निघालो. "तो चाकू मोठ्या बॅगेत टाका हो," असं सौ. तीनदा म्हणाली. मी तीनदा "हो" म्हणालो. संसारात एवढंच करायचं असतं अशी माझी समजूत.

तपासणीच्या यंत्राने पिशवी गिळली आणि पोटशूळ उठल्यासारखी थांबली. जवान मुलाच्या वयाचा होता. त्याने चाकू काढून ट्रेमध्ये ठेवला आणि नम्रपणे म्हणाला, "अंकल, ये नहीं जाएगा." मी त्याला रायफल सांगितली, एल्सेनर सांगितला, मीर स्थानक सांगितलं. अवकाशात चालतो तो दिल्लीला का चालू नये, हे विचारलं. रांग वाढत होती. मागे जाऊन सामानात द्यायला वेळ उरला नव्हता. पोचवायला आलेला पुतण्या केव्हाच परतला होता. सौ. एरवी अशा वेळी बोलते. त्या दिवशी काही बोलली नाही, त्यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते कळलं.

मी म्हटलं, "बेटा, चाकू राहू दे. त्यातली एवढी काडी घेऊ?"

त्याने नखाने कामटी बाहेर ओढली. दोन्ही बाजूंनी पाहिली. बोटाला टोचून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं आणि ती माझ्या तळहातावर ठेवली.

चाकू राहिला. एका कडेला पतंगाच्या खळीचा डाग असलेली ती कामटी दिल्लीला आली. नातवाने विचारलं, "आजोबा, ही कसली काडी?"

म्हटलं, "पतंग आण तुझा. सांगतो."